एक मत कमी

राजधानीपासून ओस्टरवार्फ गावापर्यंत गाडीत कोणी एक अक्षर बोललं नाही. मेनो गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी त्याचे बाबा, म्हणजे ओनोकाका, आणि मागे त्यांची पुतणी टोमके एकटी, मांडीवर कोट घेऊन. तिला वाटत होतं, कुणीतरी बोलावं. काहीही. निदान समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या तरी घालाव्यात. पण नाही. काका आपले काचेतून बाहेर बघत होते, आणि बाहेर होतं तरी काय, सपाट काळी शेतं, गोठलेले पाट आणि लांबवर तो बांध, त्याच्या पलीकडे समुद्र.

सकाळी हाच माणूस मुख्यमंत्री होणार होता. होणार होता म्हणजे झालाच होता, फक्त मतदान उरलं होतं. आघाडीकडे बरोबर हवी तेवढीच माणसं होती, एकही जास्त नाही, पण सगळी मोजून पारखून घेतलेली. एकेक आमदार पडद्यामागे गेला, चिठ्ठीवर फुली मारून आला, चिठ्ठी पेटीत टाकली. टोमकेही गेली, तीही आमदारच. तिने फुली इतकी दाबून मारली की पेन्सिल मोडायचीच राहिली. मग अध्यक्षांनी आकडे वाचले आणि एक मत कमी पडलं. एक चिठ्ठी कोरी निघाली होती. सभागृहात आधी कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. तिच्या मागच्या रांगेतल्या एकाने टाळ्या वाजवायला हात उचलले होते, तो तसाच हात हवेत धरून बसला.

आणि मग हळूहळू, एकेक करून, डोकी वळली. टोमकेकडे.

का, ते तिला माहीत होतं. तिचे बाबा, हाब्बो, हे ओनोकाकांचे सख्खे भाऊ. काका शेतीमंत्री असताना नवा बांध आखला गेला आणि हाब्बोंची जमीन बांधाच्या चुकीच्या बाजूला राहिली, समुद्राच्या बाजूला. आराखड्यावर सही काकांची. त्यानंतर दोघं भाऊ कधी बोलले नाहीत. हाब्बो गेले तेव्हा काका चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. आणि त्याच काकांनी गेल्या वर्षी टोमकेला पक्षाच्या यादीत जागा मिळवून दिली, तेव्हा लोक म्हणाले, पापाची भरपाई करतोय. आज तेच लोक म्हणत होते, पोरीने सूड घेतला.

गाडी अंगणात शिरली आणि मेनोच्या तोंडून पहिला शब्द निघाला, तो इथे लिहिण्यासारखा नव्हता.

कारण शेजारी अजून तिथेच होते. सगळे. दारावर त्यांनी कालच हिरव्या फांद्यांची कमान बांधली होती, लग्नाला बांधतात तशी, कागदी गुलाब लावून, आणि वर पाटी: आमचा ओनो, आमचा मुख्यमंत्री. टीव्हीवर निकाल बघून झाला होता, आता जावं की थांबावं ते कुणाला कळत नव्हतं. अग्निशमन दलाचा बँड आला होता, तो तुताऱ्या काखेत मारून गोठ्याच्या भिंतीला टेकला होता. काका उतरले तेव्हा एकाने टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढल्या, मयताला काढतात तशा.

"थंडी आहे," काका त्यांना म्हणाले. "कुणीतरी यांना काहीतरी गरम द्या."

आणि ते कमानीखालून वाकून आत गेले. टोमके त्यांच्यामागून उतरली तेव्हा मात्र एकाही माणसाने टोपीला हात लावला नाही.

स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी पहाटेपासून शिजत ठेवलेला हिरवा कोबी दोन भल्यामोठ्या पातेल्यांत रटरटत होता, त्यात धुरावलेली सॉसेज. घरभर वास. थेडाकाकू, ओनोकाकांची बायको, चुलीकडे तोंड करून ढवळत होती आणि ती वळलीच नाही. टेबलाशी गेशेआत्या बसली होती, ओनो आणि हाब्बो या दोघांची थोरली बहीण, काठी मांडीवर आडवी ठेवून, एखाद्या न्यायाधीशासारखी.

"बसा," आत्या म्हणाली. "चहा घ्या आधी. कुणी मेलेलं नाहीये."

चहा म्हणजे त्या घरात साधी गोष्ट नाही. आधी कपात खडीसाखरेचा खडा, मग त्यावर कढत चहा, तो खडा तडकल्याचा आवाज आला पाहिजे, मग कडेने हळूच साय, आणि ढवळायचं नाही. थेडाकाकूने कप मांडले. काकांच्या कपात खडा टाकला, मेनोच्या टाकला, आत्याच्या, स्वतःच्या. टोमकेच्या कपात नुसताच चहा ओतला आणि किटली खाली ठेवली.

टोमकेने कपाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा या घरात तिला खडीसाखर मिळाली नव्हती. लहानपणी काकू तिला दोन खडे द्यायची, एक कपात आणि एक तोंडात.

"काकू," ती म्हणाली, "बोलायचं असेल तर सरळ बोल ना."

"मी काय बोलू? तू बोललीस ना सकाळी. चिठ्ठीवर."

"मी काकांना मत दिलं."

"हो का," मेनो म्हणाला. त्याने अजून कोट काढला नव्हता. काकांचं कार्यालय तोच सांभाळायचा, आज त्याला मुख्यमंत्र्यांच्या कचेरीतली खोली मिळायची होती आणि किल्ल्याही मिळाल्या होत्या, खिशात वाजत होत्या. "मग आकाशातून पडली का ती कोरी चिठ्ठी? मी एकेकाला ओळखतो, टोमके. एकेकाच्या घरी जाऊन जेवलोय. त्यातल्या कुणाकडेही कारण नाहीये. तुझ्याकडे आहे."

"माझ्या बाबांचं नाव घ्यायचंय का तुला? घे की."

"घेतोच. हाब्बोकाका मरेपर्यंत काय म्हणत होते, सगळ्या गावाने ऐकलंय. ओनोला खुर्ची मिळेल त्या दिवशी मी त्याच्या अंगणात समुद्र सोडेन. म्हणाले होते की नाही?"

"दारू प्यायले की म्हणायचे. शुद्धीवर असताना टीव्हीवर काका दिसले की आवाज मोठा करायचे. ते नाही ऐकलं गावाने?"

काकांनी कप उचलला, तोंडाला लावला आणि न पिता परत ठेवला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. आवाज अगदी हळू. "पोरीला काही बोलू नका. तिचा काही दोष नाही."

आता बघा, हे वाक्य किती चांगलं होतं. आणि त्याच वाक्याने टोमके मेली. कारण काकूने डोळे पुसले, मेनोने मान हलवली, आणि आत्या म्हणाली, "बघ. बघ कसा आहे हा. एवढं होऊन तुला पाठीशी घालतोय." म्हणजे काका माफ करत होते. आणि माफ केलं म्हणजे गुन्हा झालाच.

"काका, मी माफी मागितलेली नाही," टोमके म्हणाली. तिचा आवाज चिरकायला लागला होता आणि तिला त्याचाच राग येत होता. "कशाबद्दल माफ करताय मला?"

काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

मेनोचा फोन वाजला. तो उठून खिडकीशी गेला, हळू आवाजात हो हो करत राहिला, आणि परत आला तेव्हा त्याने कोट काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला. बोलण्याआधी वेळ काढत होता.

"फोल्केर्ट्सबाई होत्या." फोल्केर्ट्सबाई म्हणजे पक्षाच्या गटनेत्या, त्यांनी नुसती भुवई उचलली तरी आमदार जागेवर बसायचे. "गुरुवारी दुसरी फेरी. त्यांना खात्री हवीय. त्यांचं म्हणणं, टोमकेने आजच राजीनामा द्यावा. आमदारकीचा. यादीतला पुढचा माणूस तिच्या जागी येईल, तो शपथ घेईल, गुरुवारी मत देईल. विषय संपला."

"विषय कुणाचा संपला?" टोमकेने विचारलं.

"तब्येतीचं कारण सांगू. कुणी काही म्हणणार नाही."

"सगळे म्हणतील. जन्मभर म्हणतील. ती बघा, काकाला पाडणारी. मेनो, मी दुकानात पाव आणायला गेले तरी म्हणतील."

"तो विचार तू आधी करायला हवा होतास."

काका एकदम म्हणाले, "राजीनामा? राजीनाम्याचं कुणी बोललं नव्हतं."

"आता बोलतायत, बाबा."

काकांचा चेहरा असा झाला की टोमकेला वाटलं त्यांच्या छातीत दुखतंय. काकूलाही वाटलं असणार, कारण ती पळी सोडून त्यांच्याजवळ आली. पण ते टेबलक्लॉथवरची सुरकुती अंगठ्याने सरळ करत राहिले. ती सरळ झाली तरी करत राहिले.

टोमकेच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं? खरं सांगायचं तर राजकारण नाहीच. तिला तिचा मतदारसंघ आठवत होता, ती वर्षभर ज्या बसथांब्यासाठी भांडली तो बसथांबा, मच्छीमारांच्या सहकारी संस्थेतल्या त्या दोन म्हाताऱ्या, ज्या म्हणाल्या होत्या की हाब्बोची पोरगी म्हणून मत नाही देणार, तू मोठ्याने बोलतेस म्हणून देऊ. आता त्यांना काय सांगायचं? बरं नाही वाटत म्हणून?

"मी देत नाही," ती म्हणाली. "काढून टाका पक्षातून. जागा नाही सोडणार."

"घराण्याचं नाव," काकूने सुरुवात केली.

"घराण्यात मीही आहे, काकू."

"मग वाग तशी."

आणि इथे गेशेआत्याने काठी जमिनीवर आपटली. तिला भांडणं आवडायची, पण एकतर्फी भांडण आवडायचं नाही. त्यात तिला मजा येत नसे.

"अरे, सगळे मिळून एकटीवर काय धावताय," ती म्हणाली. "या घरातून दोघंजण पडद्यामागे गेले आज. एकीची उलटतपासणी झाली. आता दुसऱ्याची घ्या. काय रे ओनो, तू कुणाला दिलंस?"

मेनो फसकन हसला. काकूसुद्धा, डोळ्यांत पाणी असताना, हसली. सकाळपासून पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं होतं. टोमकेलाही हसू आलं, राग तसाच ठेवून.

फक्त काका हसले नाहीत.

एवढंच नाही, त्यांनी उत्तरही दिलं नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, त्याचं उत्तर येत नाही म्हटल्यावर काय होतं, ते बघा. आधी काकूचं हसू थांबलं. मग मेनोचं. पातेल्याचं झाकण खडखडत होतं तेवढाच आवाज.

आत्या हळूहळू पुढे वाकली.

"ओनो," ती म्हणाली. "नाही. असं नको सांगूस मला."

"काय नको सांगू?" मेनोने विचारलं. "काय चाललंय?"

"आमच्या बाबांची रीत," आत्या म्हणाली. ती मेनोला सांगत होती पण बघत काकांकडे होती. "समुद्राचा बांध राखणाऱ्या मंडळाची. ते बांधप्रमुख होते ना. तिथे निवडणूक चिठ्ठ्यांनी. जो उभा असतो, तो आपली चिठ्ठी कोरी टाकतो. स्वतःचं नाव स्वतः लिहायचं नाही. ज्याने लिहिलं त्याला बाबा म्हणायचे, हा ताटात स्वतःच वाढून घेणारा. ओनो, तू बांध मंडळात नव्हतास आज. तू विधानसभेत होतास."

"ठाऊक आहे मला कुठे होतो," काका म्हणाले.

"मग?"

"हात वळला नाही."

झालं. एवढंच म्हणाले. हात वळला नाही. टोमके त्यांच्या हाताकडेच बघत राहिली, तो जाड, केसाळ, शेतकऱ्याचा हात, टेबलक्लॉथवर पडलेला.

"बाबा," मेनो म्हणाला. "तुम्ही स्वतःला मत दिलं नाहीत."

"कधीच दिलं नाही. मंडळात नाही, सरपंच झालो तेव्हा नाही, जिल्ह्यात नाही. आमदारकीच्या प्रत्येक निवडणुकीला शाळेत जातो, पडद्यामागे उभा राहतो, चिठ्ठी कोरीच टाकतो. माझ्या नावापुढे मी आयुष्यात फुली मारलेली नाही."

"थांब," थेडाकाकू म्हणाली. ती खाली बसली. "थांब, थांब. मी मेनो पोटात असताना गारांत रांगेत उभी होते. तुझ्या नावावर फुली मारायला. तू माझ्यापुढे होतास रांगेत. माझा हात धरला होतास."

"हो."

"आणि तू कोरी टाकलीस."

"हो, थेडा."

"आणि मला सांगितलं नाहीस. इतकी वर्षं."

"गुप्त असतं ते."

काकूने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं कुणी परका माणूस येऊन तिच्या टेबलाशी बसलाय.

"पण आज," मेनो म्हणाला, "आज एकेक मत मोजलेलं होतं. तुम्हाला माहीत होतं. मीच तर मोजून दिलं होतं तुम्हाला."

"समोरच्या, विरोधी बाकांवरच्या एकाने मला शब्द दिला होता. जुना दोस्त आहे. म्हणाला, माझं मत तुला. मग मला वाटलं, एक जास्तच आहे आपल्याकडे. माझं नसलं तरी चालतंय. आत गेलो, पेन्सिल हातात घेतली, आणि वाटलं, निदान हे एक काम तरी बाबांच्या रीतीने करू. बाकी बरीच केली नाहीत." ते थांबले. "त्याने शब्द पाळला नाही."

टोमके उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही.

"सकाळपासून," ती म्हणाली. "तुम्हाला सकाळपासून माहीत होतं. सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि तुम्ही माझ्या पुढच्या बाकावर बसला होतात. गाडीत. इथे. माझा दोष नाही म्हणालात, ते खरंच होतं की, काका. नुसतं खरं होतं. आणि तुम्ही ते असं बोललात की सगळ्यांना खोटं वाटावं."

"मला वाटलं, गुरुवारी परत मतदान होईल. सगळं सुरळीत होईल. कुणी विचारणार नाही."

"मला विचारत होते ना."

काकांनी मान खाली घातली. आणि टोमकेला आयुष्यात पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

आता तुम्हाला वाटेल, मेनोने हात जोडले असतील, काकूने मिठी मारली असेल. छे. मेनो खोलीत येरझाऱ्या घालत होता, किल्ल्या खिशात खुळखुळत होत्या, आणि मग तो थांबला आणि म्हणाला, "हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"मेनो," आत्या म्हणाली.

"नाही, आत्या, ऐक. हे कळलं तर देशभर हसतील. ज्याला स्वतःचंच मत मिळवता आलं नाही तो राज्य काय चालवणार. व्यंगचित्रं येतील. गुरुवारी मग आपलेच दहा जण फुटतील. संपलं सगळं, बाबांची पूर्ण कारकीर्द, सगळी. आणि टोमके..." तो तिच्याकडे वळला, आणि आता त्याचा आवाज गोड झाला होता, ते जास्त भयंकर होतं. "टोमके, तू तरुण आहेस. चार वर्षांनी परत येशील. मी स्वतः तुला आणतो. पहिल्या नंबरावर."

"म्हणजे मी केलं नाही हे कळल्यावरसुद्धा मीच जायचं."

"मी मागतोय. हुकूम नाही करत."

टोमकेने काकूकडे बघितलं. तिला वाटलं होतं काकू तरी काही म्हणेल. काकू टेबलाकडे बघत म्हणाली, "त्याचं वय झालंय गं. त्याला परत संधी नाही." आणि लगेच तोंडावर हात ठेवला, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणाचं होतं.

"वा," आत्या म्हणाली. "मगाशी ती चोर होती म्हणून बाहेर काढत होतात. आता साव निघाली म्हणून काढताय."

मेनोचा फोन परत वाजला. फोल्केर्ट्सबाई. त्याने उचलायच्या आधी काकांनी हात पुढे केला. मेनोने दिला नाही. काकांनी हात तसाच धरला, आणि शेवटी मेनोने दिला.

"बाई, ओनो बोलतोय," काका म्हणाले. फोन त्यांनी टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ती कोरी चिठ्ठी माझी होती. टोमकेची नाही. मी स्वतःला मत दिलं नाही."

टोमके टेबलाजवळ सरकली.

मग फोनमधून एक उसासा आला, अगदी मायेचा. "ओनो," फोल्केर्ट्सबाई म्हणाल्या. "मला माहीत होतं तू हेच करशील. भावाच्या पोरीसाठी. तुझ्यासारखी माणसं राहिली नाहीत रे. पण आम्ही काय कुक्कुली बाळं नाही. तिला म्हणावं, काकाच्या मनाचा मोठेपणा बघ आणि आज सही कर."

"अहो, खरं सांगतोय मी."

"हो, हो. कळतंय. विश्रांती घे तू."

फोन बंद. टोमकेला खरंच हसू यायला लागलं, घशातून, थांबवता येईना असं. इतका वेळ तिचं खरं कुणी मानत नव्हतं, आता त्यांचंही मानत नव्हतं. आणि त्यात ते देवमाणूस ठरत होते आणि ती आणखी खोल जात होती.

"बघा," मेनो म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं, लपवताही येत नव्हतं. "बाबांनी सांगितलं. नाही पटलं त्यांना. आता आपण काय करणार?"

काका उठले. ते सरळ दाराकडे गेले.

"बाबा, कुठे?"

"जिथे पटेल तिथे."

बाहेर शेजारी चहाचे कप धरून उभे होते, कुणी बँडवाल्यांबरोबर सॉसेज अर्धं-अर्धं करून खात होतं. काका पायरीवर उभे राहिले. टोमके त्यांच्यामागे दारात, आत्या तिच्या खांद्याला धरून. मेनो मागून "बाबा, प्लीज" म्हणत होता.

"ऐका," काका म्हणाले. भाषणाचा आवाज नव्हता तो. गोठ्यातून हाक मारतात तसा होता. "एक चिठ्ठी कोरी निघाली आज. ती मी टाकली. मीच. हाब्बोच्या पोरीने मला मत दिलंय. तिच्याबद्दल कुणी काही बोललं असेल, आणि तुम्ही बोललाच असणार, तर ते परत घ्या."

दोन-तीन फोन वर झाले होते, टोमकेने बघितलं. त्यातला एक जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला बातम्या पाठवणाऱ्या मुलीचा होता.

मग म्हातारा हायो पुढे आला, जो सध्या बांधप्रमुख होता, ओठांतली विझलेली चिरूट न काढता.

"मग बरोबरच आहे की," तो म्हणाला. "उभा होतास ना तू?"

"हो."

"उभ्या माणसाने स्वतःला मत द्यायचं असतं का?" त्याने मागे वळून बाकीच्यांना विचारलं. "द्यायचं असतं?"

"छे," एकजण म्हणाला. "बरं दिसतं का ते." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या, अगदी सहज, गायीला चारा सकाळी घालायचा असतो की नाही असं विचारल्यासारख्या. एका बाईने टोमकेच्या दिशेने बघून मान झुकवली. हायो म्हणाला, "मग याआधी राजधानीत उभे राहिलेले ते बाकीचे, त्यांनी स्वतःला मतं दिली म्हणतोस? सगळ्यांनी?" आणि त्याला खरोखर धक्का बसला होता, दिवसभरातला पहिला.

अख्खं विधानभवन ज्याच्यावर विश्वास ठेवणार नव्हतं, ते या अंगणात एका वाक्यात पटलं होतं. आणि यातल्या कुणाच्याही ध्यानात येत नव्हतं की समोरच्या माणसाने आत्ताच स्वतःच्या हाताने स्वतःला संपवलंय.

त्याला फार वेळ लागला नाही. अंधार पडायच्या आत ते बोलणं सगळीकडे फिरलं. हायोच्या तोंडचं वाक्यसुद्धा. तिसऱ्या फोनला फोल्केर्ट्सबाईंनी उसासा टाकला नाही. मेनो खिडकीशी उभा राहून ऐकत होता, बोलत नव्हता, आणि फोन ठेवल्यावर त्याने खिशातल्या किल्ल्या काढून फ्रीजवर ठेवल्या.

"टोमकेचा विषय मिटला," तो म्हणाला. "तिची जागा तिची. त्यांनी निरोप दिलाय, तिला सॉरी सांगा." त्याने घसा खाकरला. "गुरुवारी दुसरं नाव लावतायत. बाबा, तुमचं नाही."

"अपेक्षित होतं," काका म्हणाले.

थेडाकाकू एकदम उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिथून कपाट उघडल्याचा, परत लावल्याचा, परत उघडल्याचा आवाज येत राहिला. आत्या तिच्यामागे गेली. मग मेनोही कोट घेऊन अंगणात गेला, बँडवाल्यांना घरी पाठवायला, आणि स्वयंपाकघरात दोघंच उरली.

काकांनी स्वतःच पातेल्यातून कोबी वाढून घेतला. टोमकेपुढेही एक ताट ठेवलं. ती खाऊ शकत नव्हती. तिला राग होता, अजून होता, तो एका भाषणाने जाणार नव्हता. आणि त्या रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. तीस वर्षं या माणसाने मुख्यमंत्रीपदाकडे वाट चालली, आणि ती वाट तिच्यासाठी सोडून दिली, पायरीवर उभं राहून, दोन मिनिटांत. पण मुळात त्यानेच. पण तरीही. तिला दोन्ही एकदम डोक्यात धरता येईना.

"काका."

"हं."

"गुरुवारी दुसरी फेरी आहे. नाव दुसऱ्याचं." ती काट्याने कोबी इकडून तिकडे ढकलत होती. "तुम्ही उभे नाही आता. म्हणजे या वेळी तुम्हाला चिठ्ठीवर फुली मारता येईल. रीत आड येणार नाही."

"हो."

"आणि परत एकही मत जास्त नाहीये आपल्याकडे. फोल्केर्ट्सबाई मला विचारणार, तुझा काका काय करेल. मेनो विचारणार." ती थांबली. "मीच विचारते. कुणाला देणार?"

काकांनी सॉसेजचा तुकडा कापला, मोहरी लावली, तोंडात टाकला आणि नीट चावून गिळला. मग पहिल्यांदाच, त्या दिवसात पहिल्यांदाच, तिच्याकडे सरळ बघितलं.

"टोमके," ते म्हणाले, "मतदान गुप्त असतं."